आमच्या मतांचा ठराव तुम्ही कधी केलात? सोसायटीच्या समितीला खुलं पत्र

दिनांक ७ जानेवारी २०२६

प्रति,
माननीय चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि समितीचे सर्व सभासद,
आणि सातही विंगांमधले माझे शेजारी,

स.न.वि.वि.

शनिवारी संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. गेटवर महापालिका निवडणुकीचा नवा फ्लेक्स दिसला. चार हसरे चेहरे, आठ जोडलेले हात, वर पक्षाचे मोठे नेते आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'आमच्या सोसायटीचा जाहीर पाठिंबा. – सर्व रहिवासी.' त्या 'सर्व रहिवाशां'मध्ये मीही आहे, हे मला फ्लेक्स वाचून कळलं.

लिफ्टपाशी आले तर तिथे नोटीस. 'सोसायटीच्या आवारात, क्लब हाउसमध्ये तसेच ग्रुपवर निवडणूकविषयक चर्चा करू नये. सलोखा राखावा. आदेशावरून.' आणि त्याच बोर्डावर, त्याच पिनेने टोचलेला दुसरा कागद: 'रविवार, ११ जानेवारी, सायंकाळी सहा वाजता क्लब हाउसमध्ये तिळगूळ समारंभ. महिलांसाठी वाण. प्रमुख उपस्थिती...' पुढे फ्लेक्सवरचीच चार नावं.

म्हणजे आम्ही बोलायचं नाही, त्यांनी मात्र बोलायचं. तिळगूळ त्यांचा, आणि गोड बोलायचं आम्ही.

सोमवारी मी सोसायटीच्या ऑफिसात रीतसर अर्ज दिला, पोच घेतली. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही तेव्हा फार प्रेमाने म्हणालात, "काकू, कशाला डोक्याला ताप करून घेता? आपल्याला पेव्हर ब्लॉक मिळताहेत ना!" ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. फक्त आपल्याच गेटवर असा फ्लेक्स असता तर घरातली गोष्ट घरात ठेवली असती. पण काल रिक्षाने जाताना मोजले, आपल्या रस्त्यावर तसे पाच दिसले. त्या पाचही ठिकाणी कोणीतरी माझ्यासारखं भाजीची पिशवी घेऊन थांबलं असेल.

माझं या सगळ्यात काय अडलंय, ते आधी सांगते.

मी इथे राहायला आले तेव्हा ही पुणे महापालिका नव्हती, ग्रामपंचायत होती. बिल्डरच्या जाहिरातीत मात्र 'पुणे' होतं. आपलं गाव इतर बावीस गावांबरोबर ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आलं. शहराने त्याआधी नगरसेवक निवडले ते फेब्रुवारी २०१७ मध्ये. तेव्हा आपण हद्दीबाहेर. त्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली, दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आले. मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण करायची असं राज्यघटनेच्या कलम २४३-यू मध्ये लिहिलेलं आहे. तरी ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा यांत जवळजवळ चार वर्षं गेली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली, आणि आता १५ तारखेला मतदान आहे.

हिशेब करा. ग्रामपंचायत गेल्याला साडेचार वर्षं झाली. या साडेचार वर्षांत आपल्याला सरपंच नाही आणि नगरसेवकही नाही. पुढच्या गुरुवारी आपण आयुष्यात पहिल्यांदा या पत्त्यावरून नगरसेवक निवडणार आहोत. मी अडुसष्ट वर्षांची आहे. पुढची निवडणूक वेळेवर होईल याची खात्री मला कोणी देत असेल, तर त्यांचं नाव लिहून घ्यायला मी तयार आहे.

नगरसेवक नसण्याने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी गेल्या वर्षीचा जानेवारी आठवावा. नांदेड, किरकटवाडी, धायरी, सगळा सिंहगड रस्ता जीबीएसच्या, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गिया-बारे आजाराच्या, बातम्यांत होता. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. नांदेडच्या विहिरीचे फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. माझ्या समोरच्या दारातला अकरावीतला मुलगा एका सकाळी उठला तो पाय टेकेना म्हणून. बावीस दिवस दवाखान्यात होता. आज तो जिने चढतो, पण कठडा धरून. त्या बावीस दिवसांत त्याची आई मला रोज एकच विचारायची, "मावशी, पाण्याचं कुणाला विचारायचं हो?" टँकरवाल्याला विचारलं, तो म्हणे भरणा केंद्रावर विचारा. हेल्पलाइन म्हणे तक्रार नोंदवून घेतली. गावात असताना निदान सरपंचाचं घर माहीत होतं. ग्रामसभेत उठून उभं राहता यायचं. वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्या लागतात पंचायतीला, कायदाच आहे तसा. मी दोन सभांना गेले होते, दोन्ही वेळा शेवटी भांडण झालं, आणि दोन्ही वेळा नंतरच्या आठवड्यात विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पडली.

आपल्या गच्चीवरून रात्री खडकवासल्याच्या भिंतीवरचे दिवे दिसतात. साऱ्या पुण्याला पाणी पाजणारं धरण नजरेच्या टप्प्यात, आणि आपल्या गेटवर सकाळी सहाला टँकरचा हॉर्न. इमारतींना परवानगी कोणी दिली, पाण्याची हमी कोणी घेतली, यावर आपल्या एजीएममध्ये दरवर्षी तासभर जातो. हद्दीत आल्यावर पाणी आणि ड्रेनेज महापालिकेकडे आलं, तर तेवीस गावांच्या नियोजनाचं काम सरकारने २०२१ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) दिलं. एकाने घर बांधू द्यायचं, दुसऱ्याने नळ द्यायचा. या दोघांना एका टेबलावर बसवायला जो माणूस लागतो, तो आपण पुढच्या गुरुवारी निवडणार आहोत. म्हणून मला हे मत कोणाच्या फ्लेक्सवर लटकवलेलं चालत नाही.

आता तुम्ही ज्या चर्चेवर बंदी घातली, तिच्याबद्दल. १५ डिसेंबरला राज्य निवडणूक आयोगाने तारखा जाहीर केल्या आणि त्या रात्रीपासून आपल्या सोसायटीत जे सुरू झालं, ते मी इथे बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. एरवी पार्किंग आणि कुत्र्यांच्या शी-शूपलीकडे न जाणारी माणसं खाली बाकड्यावर बसून प्रभागाचा नकाशा मोबाइलवर मोठा करून बघत होती. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका एका उमेदवाराची बाजू घ्यायचे: उन्हाळ्यात फुकट टँकर दिले त्याने, पोरगा हाकेला धावतो. डी विंगमधली आयटीतली मुलगी त्यांना म्हणाली, "काका, ज्याचे टँकर चालतात तो पाइपलाइन कशाला आणेल?" काका दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "आणि ज्याला व्हॉल्व्ह कुठे आहे माहीत नाही, तो तरी कुठून आणेल?" मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. असा नेमका वाद मी या निवडणुकीत टीव्हीवर एकदाही ऐकला नाही.

३० डिसेंबरला अर्ज भरायचा शेवटचा दिवस. दुपारी बातमी आली की सकाळपर्यंत एका पक्षाकडून तिकीट मागणारे एक जण दुसऱ्याच पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, घेऊन उभे राहिले. त्या संध्याकाळी बाकड्यावर जागा मिळेना. पक्ष बघायचा की माणूस बघायचा, यावर आमच्या भिशीतल्या बायकांनी तासभर वाद घातला. आमच्यातली एक, जिने बावीस वर्षं नवऱ्याला विचारून मत दिलं, ती म्हणाली, "यंदा प्रभागातून चौघे निवडायचे, म्हणजे चार मतं आहेत ना? मग दोन त्यांची, दोन माझी." सगळ्या हसल्या. पण तिने मग खरंच उमेदवारांची शपथपत्रं काढायला लावली मुलीला.

त्यातूनच कल्पना निघाली की आपल्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना एका संध्याकाळी क्लब हाउसमध्ये बोलवावं. भाषण नाही, प्रत्येकाला पाच मिनिटं आणि मग प्रश्न. एकवीस जणांच्या सह्यांचा अर्ज २ तारखेला तुमच्याकडे दिला. ३ तारखेला उमेदवारांची अंतिम यादी लागली, आणि त्याच संध्याकाळी आपल्या गेटवर फ्लेक्स.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली सर्वांत मोठी आहे आणि सर्वांत साधी. पाठिंब्याचा ठराव कुठे झाला? सर्वसाधारण सभा झाली नाही. इतिवृत्त मागितलं तर 'अनौपचारिक चर्चा झाली' असं उत्तर मिळालं. समितीला आम्ही निवडून दिलं ते मेंटेनन्स, लिफ्ट, सुरक्षारक्षक, टाक्यांची सफाई यांसाठी. माझं मत हे सोसायटीच्या सामाईक मालमत्तेत येत नाही. ते जिन्यातली ट्यूबलाइट नाही की समितीने ठरवावं कधी लावायची आणि कधी बंद करायची. आणि जरी सभा घेऊन शंभर टक्के लोकांनी हात वर केले असते, तरी ते शंभर लोकांचे शंभर हात झाले असते, 'सोसायटीचं मत' नसतं झालं. मतदान गुप्त ठेवलंय ते यासाठीच.

दुसरी, ब्लॉकची. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, गेटवर चार कॅमेरे आणि एफ विंगमागे पत्र्याची शेड, असं ठरल्याचं खजिनदारांनीच लिफ्टमध्ये तिघांना सांगितलं. मतासाठी असं काही देणं आणि घेणं दोन्ही लाच आहे. भारतीय न्याय संहितेत कलम १७० आहे, शिक्षा १७३ मध्ये आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेत होतं. कायद्याने लाच एकट्याने घेतली काय आणि सातशे माणसांच्या नावाने घेतली काय, फरक पडत नाही. उलट सातशेंच्या नावाने घेतली तर त्यातल्या ज्यांना ती नको होती त्यांच्याही हाताला लागते. मला माझ्या हाताला ते ब्लॉक लागलेले नको आहेत.

थोडं विषयांतर करते, पण हे सांगायलाच हवं. पुण्याच्या अंदाजपत्रकात 'स' यादी नावाची एक चीज असते, नगरसेवकांच्या कामांची. जुन्या शहरात राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरी त्या यादीतून आलेल्या बादल्या आहेत, कापडी पिशव्या आहेत, आणि त्यांच्या गल्लीत इतकी बाकडी आहेत की सगळी गल्ली एकदम बसली तरी दोन रिकामी राहतील. नळाला पाणी मात्र अजून दिवसातून एकदाच येतं. नगरसेवकाचं काम अंदाजपत्रकावर बोलणं, स्थायी समितीत टेंडरवर हरकत घेणं, आयुक्तांना सभागृहात उभं करून जाब विचारणं. आपण त्याच्याकडे ब्लॉक मागितले तर तो ब्लॉकच देईल. त्याला तेच सोपं आहे. पाइपलाइन मागणं अवघड, कारण ती पाच वर्षं मागत राहावी लागते.

तिसरी तक्रार भाडेकरूंबद्दल. एकवीस सह्यांपैकी सहा भाडेकरूंच्या होत्या, म्हणून अर्ज 'सभासदांचा नाही' असं तोंडी सांगण्यात आलं. पार्किंगचं भांडण असेल तर ठीक, सभासद नाहीत हे मान्य. पण मतदारयादीत घरमालक आणि भाडेकरू असे दोन रकाने नसतात. ई विंगमधलं नर्सिंग करणारं जोडपं भाड्याने राहतं, या प्रभागाच्या यादीत त्यांची नावं आहेत. तीन सभासदांची नावं मात्र अजून त्यांच्या जुन्या, कोथरूडच्या पत्त्यावर आहेत. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली आहे, त्यामुळे आता नाव हलवता येणार नाही. म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क तुम्ही ज्यांचा मानत नाही ते मत देणार, आणि ज्यांचा मानता ते देऊ शकणार नाहीत. नावं, बूथ, यादीतला क्रमांक शोधून द्यायला समितीने एक टेबल टाकलं असतं तर मी स्वतः चष्मा लावून बसले असते.

चौथी. वाण फक्त बायकांसाठी, हे नोटिशीत मुद्दाम लिहिलंय. आम्हा बायकांसाठी डबा, आणि प्रश्न विचारायची संध्याकाळ रद्द. पुण्यातल्या १६५ जागांपैकी ८३ महिलांच्या आहेत. आपल्या प्रभागातही चारांत दोन महिला आहेत. फ्लेक्सवर त्यांच्या फोटोशेजारी त्यांच्या यजमानांचे फोटो आहेत, एकीच्या बाबतीत तर यजमानांचा फोटो मोठा आहे. मला त्या बाईंना विचारायचं होतं, की ताई, सभागृहात तुम्ही बोलणार की हे? मी हे कुचकटपणे विचारणार नव्हते. पन्नास टक्के आरक्षणातून आलेल्या काही बायकांनी पुण्यात भल्याभल्यांना गप्प केलेलं मी पाहिलंय. त्यांना बोलायची संधी मिळावी एवढंच. हळदीकुंकवाच्या रांगेत तो प्रश्न विचारता येत नाही, तिथे कपाळ पुढे करायचं असतं.

बाकी लाउडस्पीकर, गेटसमोर अडवलेला रस्ता, वॉचमनला प्रचारपत्रकं वाटायला लावणं, या किरकोळ गोष्टी. त्या बोलून मिटतील.

तुमची बाजूही मी ऐकली आहे, नाही असं नाही. चेअरमनसाहेब म्हणतात, ग्रुपवर भांडणं झाली. झाली. २८ तारखेच्या रात्री दोन गृहस्थ एकमेकांना नको ते बोलले, एक ग्रुपमधून गेले. कोणीतरी उमेदवाराच्या जातीवरून एक घाण मेसेज पुढे ढकलला, तोही मी पाहिला. तो टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढायला हवं होतं. तुम्ही त्याला ठेवलंत आणि चर्चा काढलीत. ज्या दोघांचं भांडण झालं, ते काल सकाळी टँकरपाशी एकत्र उभे होते, एकाने दुसऱ्याच्या बादल्या वर नेल्या. शेजाऱ्यांचं भांडण असंच असतं.

दुसरं तुम्ही हळू आवाजात सांगता, आणि त्याची मला खरी काळजी वाटते. "काकू, मोजणीत बूथनुसार आकडे कळतात. आपल्या बूथवर मतं कमी पडली तर पाच वर्षं आपल्याकडे कोणी फिरकणार नाही." आकडे बूथनुसार कळतात हे खरं आहे. प्रत्येक यंत्राची मोजणी वेगळी होते, प्रत्येक उमेदवाराकडे तो कागद जातो. पण मग आपण नेमकं काय करतोय? निवडून येण्याआधीच ज्याची आपल्याला भीती वाटते, त्याला आपण पाठिंबा देतोय. आणि एकदा कळलं की हे बूथ ब्लॉकवर मिळतं, तर पाच वर्षांनी पुन्हा ब्लॉकच येतील. तोवर पहिले उखडलेले असतील, म्हणा.

तिसरं म्हणजे, 'पॅनल टू पॅनल द्या, मत वाया घालवू नका', म्हणजे चारही मतं एकाच पक्षाच्या चौघांना. ही आपल्या चारसदस्यीय प्रभागाची करामत. पुण्याने २००७ मध्ये एकाचा प्रभाग पाहिला, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. मध्ये तिघांचा ठरला होता, तो कागदावरच राहिला. आता पुन्हा चौघांचा. मुंबईत मात्र २२७ प्रभाग आणि २२७ नगरसेवक, एकास एक. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेचा हिशेब धरला तरी एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांवर माणसं येतात, आणि जबाबदार चार जण, म्हणजे कोणीच नाही. पण या वाईट पद्धतीत एक चांगली गोष्ट आहे, ती तुम्ही लोकांना सांगत नाही: अ, ब, क, ड या चारही जागांना वेगवेगळ्या पक्षांना मत देता येतं. अपक्षाला देता येतं. चारही ठिकाणी 'वरीलपैकी कोणीही नाही' आहे. आमच्या भिशीतल्या त्या बाईला जे कळलं, ते समितीच्या सात जणांना कळू नये?

तर माझ्या मागण्या अशा.

गेटवरचा फ्लेक्स उद्या संध्याकाळपर्यंत उतरवावा. 'सर्व रहिवासी' हे शब्द कोणाच्या सांगण्यावरून छापले, याचा खुलासा बोर्डावर लावावा.

चर्चाबंदीची नोटीस मागे घ्यावी. ग्रुपवर जात, धर्म किंवा कोणाच्या घरच्या बायकांवरून लिहिणाऱ्याला काढण्याचा नियम करा, त्याला माझी पहिली सही.

ब्लॉक, कॅमेरे, शेड यांबाबत कोणी काय कबूल केलं, ते लेखी जाहीर करावं, आणि सोसायटी यातलं काहीही स्वीकारणार नाही असं त्या उमेदवारांना कळवावं. कॅमेरे आपल्याला हवेच आहेत. सिंकिंग फंडाला हात न लावता दरमहा घरटी किती पडतील, याचा हिशेब मी करून दिला आहे, अर्जासोबत जोडलाय.

११ तारखेचा कार्यक्रम रद्द करा असं मी म्हणत नाही. क्लब हाउस एका पॅनलला देत असाल तर सगळ्यांना द्या. त्याच संध्याकाळी, त्याच खुर्च्यांवर, अपक्षांसह सगळ्यांना बोलवा. जे येतील ते येतील. प्रचार १३ तारखेला संपतो, त्यामुळे दुसरा रविवार आपल्याकडे नाही.

आपल्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं नोटीस बोर्डावर लावावीत. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, सगळं त्यात उमेदवारांनीच लिहून दिलेलं असतं. आयटीतल्या मुलीने ती काढून ठेवली आहेत, झेरॉक्सचे पैसे मी दिलेत. फक्त बोर्डाच्या काचेची किल्ली हवी आहे.

आणि एक मागणी निवडणुकीनंतरची, जी मी फ्लेक्सवरच्या चौघांनाही आणि बाकीच्यांनाही करते आहे. महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून आहे, ग्रामसभेसारखी, काही बूथ मिळून एक. पुण्यात मी जुन्या-नव्या हद्दीत ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, त्यांतल्या एकानेही क्षेत्रसभा पाहिलेली नाही. जो उमेदवार लेखी देईल की निवडून आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आपल्या भागाची क्षेत्रसभा घेईन आणि तिथे पाण्याच्या तपासणीचे अहवाल वाचून दाखवीन, त्याचं नाव मी सातही विंगांत स्वतः सांगत फिरेन. फुकट.

सेक्रेटरीसाहेब, तुमच्यावर माझा राग नाही. लॉकडाउनमध्ये माझी औषधं तुम्ही दोन महिने आणून दिलीत, ते मी विसरलेले नाही. तुम्ही कोणाला मत द्यायचं तो तुमचा प्रश्न, घरातून हव्या त्या पक्षाचा झेंडा लावा, मी तुमच्याकडे चहाला तरीही येईन. मला फक्त माझं नाव त्या गेटवरून खाली हवं आहे.

शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही आणि क्लब हाउसची किल्ली मिळाली नाही, तर रविवारी संध्याकाळी साडेचारला, तुमच्या तिळगुळाच्या आधी, आम्ही टँकर उभा राहतो त्या मोकळ्या जागेत बसणार आहोत. उमेदवारांना निरोप गेले आहेत, तिघांचा होकार आला आहे. खुर्च्या ज्याच्या त्याने घरून आणाव्यात. चहा माझ्याकडून, कप मात्र आपापले आणा. टँकरचं पाणी उकळून घेतलेलं असेल.

आपली शेजारीण,
बी विंग, सहावा मजला